मुलगी आईलाही पत्ता सांगत नाही

'ताई, माझी मुलगी लग्नानंतर कॅलिफोर्नियाला गेली. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून गेल्या वर्षी ती नातीला घेऊन घराबाहेर पडली. तिथल्या कोर्टाने जावयांना तिच्या जवळ जायला, संपर्क करायला मनाई केली आहे. आता ती नव्या जागी राहते, पण कुठे ते मलासुद्धा सांगत नाही. विचारलं की सॅक्रॅमेंटो शहरातल्या एका पोस्ट बॉक्सचा नंबर देते आणि म्हणते, 'हाच माझा पत्ता, सरकारने दिलाय.' पण ती सॅक्रॅमेंटोत राहत नाही, एवढं मला कळलं आहे. दिवाळीचा फराळ पाठवायला गेले तर कुरिअरवाल्याने पोस्ट बॉक्सवर डबा जात नाही म्हणून परत पाठवलं. जावई मधूनमधून फोन करतात, रडतात. पोरीला वाढदिवसाची भेट पाठवायची आहे, कोर्टाचे कागद पाठवायचे आहेत, आई, तेवढा पत्ता काढून द्या, म्हणतात. नातेवाईक म्हणतात, आईपासून कधी पत्ता लपवतात का? तिचा माझ्यावर विश्वास उरला नाही का? तिला पत्ता सांगायला भाग पाडू का?'
– एक आई, सातारा

ताई,

भाग पाडू नका. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण मुलीचा पुढचा फोन कदाचित आज रात्रीच यायचा असेल. तो आला की आपणहून तिला सांगा, 'मला तुझा पत्ता नको. कुणी विचारलं तर मला माहीत नाही, हे मला खरं खरं सांगता यायला हवं.' तिच्या डोक्यावरचं निम्मं ओझं तिथंच उतरेल. आईला दुखावल्याचं दुःख ती रोज बाळगत असणार.

हा अविश्वास नाही, ताई. तुम्ही खोटं बोलू शकत नाही, हे तिला माहीत आहे आणि दुर्दैवाने जावयालाही माहीत आहे. म्हणून तर तो तुम्हाला फोन करतो. तुमच्या मुलीच्या वकिलाला नाही, तिथल्या मैत्रिणींना नाही, साताऱ्यात एकट्या असलेल्या, नातीसाठी जीव तुटणाऱ्या आजीला. जी गोष्ट तुम्हाला माहीतच नाही ती तुमच्याकडून रडून, गोड बोलून किंवा धमकावून कुणी काढून घेऊ शकत नाही. मुलीने तुम्हाला त्या ओढाताणीतून बाहेर ठेवलं आहे.

आता त्या पोस्ट बॉक्सबद्दल. त्याचा धसका तुमच्या पत्रात ओळीओळीत दिसतो. मुलगी कुठल्या लफड्यात अडकलेली नाही. ती तिथल्या सरकारच्या एका योजनेत नाव नोंदवून बसली आहे. कॅलिफोर्नियात तिचं नाव 'सेफ ॲट होम'. १९९९पासून ती चालू आहे आणि तिथल्या सेक्रेटरी ऑफ स्टेटचं कार्यालय ती चालवतं, म्हणजे राज्यातल्या निवडणुकांचं काम ज्यांच्याकडे असतं तेच. घरात मारहाण झालेल्या, पाठलाग होत असलेल्या, लैंगिक अत्याचाराला किंवा मानवी तस्करीला बळी पडलेल्या व्यक्तीला ही योजना एक पर्यायी पत्ता देते, सॅक्रॅमेंटोतल्या पोस्ट बॉक्सचा. तिला एक ओळखपत्र आणि नोंदणी क्रमांक मिळतो. राज्य, जिल्हा आणि शहर पातळीवरच्या सरकारी कार्यालयांनी तिच्याकडून हाच पत्ता मान्य करायचा असतो. वाहन परवान्याचं खातं, सरकारी शाळा, वाचनालय, कोर्ट, सगळीकडे कागदावर सॅक्रॅमेंटो लागतं. तिची टपाल तिथं जमा होते आणि तिथून तिच्या खऱ्या घरी पाठवली जाते. पैसे लागत नाहीत. नोंदणी चार वर्षं चालते आणि पुढे वाढवता येते.

खरा पत्ता फक्त त्या कार्यालयाकडे असतो. कोर्टाचा आदेश किंवा पोलिस यंत्रणेची मागणी आल्याशिवाय तो बाहेर पडत नाही.

एवढा खटाटोप कशाला, असं तुमच्या मनात येईल. तिथली पद्धत समजून घ्या. अमेरिकेत सरकारी कागद जनतेला खुले असण्यावर फार भर आहे. घर कुणाच्या नावावर आहे हे कुणीही बघू शकतो, कोर्टातली बरीच कागदपत्रं कुणीही मागू शकतो, मतदार याद्या उमेदवारांना आणि पक्षांना मिळतात. आणि हे सगळे तुकडे गोळा करून माणसाचे जुने-नवे पत्ते विकणाऱ्या कंपन्या तिथं उघडपणे धंदा करतात. आपल्याकडे सातबारा आणि मतदार यादी मोबाइलवर दिसते, त्याची पुढची पायरी समजा. वाहन परवान्याचे पत्ते तर एके काळी सहज मिळत. १९८९ साली लॉस एंजेलिसमध्ये रिबेका शेफर नावाच्या २१ वर्षांच्या अभिनेत्रीला एका माणसाने तिच्या दारात गोळी घातली. तो तिचा तीन वर्षं पिच्छा पुरवत होता. त्याने खासगी गुप्तहेराला पैसे दिले आणि त्या गुप्तहेराने तिचा पत्ता वाहन परवान्याच्या सरकारी नोंदीतून मिळवला. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियाने पाठलागाला गुन्हा ठरवणारा कायदा केला, तसा तो अमेरिकेतला पहिला. १९९४मध्ये केंद्राच्या कायद्याने परवान्याच्या नोंदी वाटण्यावर बंधनं आली. पत्ता झाकणारी योजना १९९१मध्ये पहिल्यांदा वॉशिंग्टन राज्याने सुरू केली आणि आज तिथल्या बहुतेक राज्यांत ती कुठल्या ना कुठल्या रूपात आहे. मुलीने केलंय ते विचित्र नाही. तिच्यासारख्या असंख्य बायकांनी हेच केलंय.

ही नोंदणी खिडकीवर फॉर्म टाकून होत नाही. प्रशिक्षित समुपदेशकासमोर बसावं लागतं, धोका कुठून आहे, कुणाकुणाला काय माहीत आहे, हे सगळं बोलावं लागतं आणि मग संस्थेमार्फत अर्ज जातो. त्या समुपदेशकानेच बहुधा तिला सांगितलं असेल की जवळच्यांनासुद्धा पत्ता देऊ नकोस. या कामातल्या लोकांना अनुभवाने ठाऊक असतं की बाई घर सोडते तेव्हा आणि त्यानंतरचे काही महिने धोका सगळ्यात जास्त असतो. आपल्याकडे उलटा समज आहे. बाहेर पडली, सुटली, असं आपण म्हणतो आणि निर्धास्त होतो.

आता जावयाच्या फोनचं. तो म्हणतो, कोर्टाचे कागद पाठवायचे आहेत. त्यासाठी तिचं घर कुठे आहे हे त्याला कळायची गरजच नाही. योजनेत नाव घालताना तुमच्या मुलीने सेक्रेटरी ऑफ स्टेटला तिच्या वतीने कोर्टाचे कागद स्वीकारण्याचा अधिकार दिलेला असतो. तिथं दिलेले कागद कायद्याने तिला मिळाल्यासारखेच धरले जातात. नातीला भेटण्याचा हक्क हवा असेल तर तोही त्याने वकिलामार्फत कोर्टाकडेच मागायचा. वडील म्हणून त्याचे जे हक्क असतील ते या योजनेने हिरावलेले नाहीत. फक्त त्यांचा रस्ता कोर्टातून जातो, तुमच्या दिवाणखान्यातून नाही.

आणि हे नीट वाचा, कारण हे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. कॅलिफोर्नियाच्या कुटुंब कायद्यात असं आहे की घरगुती हिंसेच्या प्रकरणात मनाई हुकूम देताना, तसं न करण्याचं सबळ कारण नसेल तर, कोर्टाने समोरच्या माणसाला पीडित व्यक्तीचा पत्ता किंवा ठावठिकाणा मिळवण्याचा प्रयत्न करायलाही बंदी घालायची. म्हणजे तुमच्याकडून पत्ता काढून घेण्यासाठी तो जो फोन करतो, तो फोनच त्या हुकुमाचा भंग असू शकतो. 'आई, तेवढा पत्ता द्या' हे वाक्य तुम्हाला लाडिक वाटलं तरी मुलीच्या वकिलाला ते तसं वाटणार नाही. म्हणून त्याचे फोन तिच्यापासून लपवू नका. तिला उगीच त्रास होईल म्हणून तुम्ही गप्प बसला असाल, हे मला पत्रावरून जाणवतं. तारीख, वेळ आणि तो काय म्हणाला, एवढं वहीत लिहून ठेवा. मेसेज असतील तर पुसू नका, त्यांचे फोटो काढून ठेवा आणि मुलीला कळवा. त्यांचं काय करायचं ते तिचा वकील ठरवेल.

त्याच्याशी बोलायची वेळ आलीच तर एकच वाक्य पाठ करा. 'जावईबापू, मला पत्ता माहीत नाही, मी विचारणारही नाही, कागद असतील तर तुमच्या वकिलांना सांगा.' एवढं बोलून फोन ठेवा. नात कशी आहे, कुठल्या शाळेत घातली, सर्दी बरी झाली का, यातल्या कशावरही गप्पा नको. 'तिकडे फार पाऊस आहे म्हणत होती' एवढ्या वाक्यातूनही कुठला भाग ते कळतं. फोनवर धमकी आली तर ती गंमत समजू नका. साताऱ्यात बसून तुम्हाला आलेल्या धमकीची तक्रार तुम्हाला साताऱ्यातल्या पोलिस ठाण्यात देता येते.

या योजनेची मर्यादाही तुम्हाला कळायला हवी, कारण ती थेट तुमच्या घरापर्यंत येते. सरकार सरकारी कागद सांभाळतं. बँका, फोन कंपन्या, घरमालक या खासगी लोकांवर तो पर्यायी पत्ता मानायची सक्ती नाही. केंद्र सरकारची खाती आणि आपला भारतीय दूतावास यांच्यावरही कॅलिफोर्नियाचा कायदा चालत नाही. आधीच कुठे नोंदला गेलेला पत्ता ही योजना पुसू शकत नाही. आणि माणसांच्या तोंडावर तर कुठलंच सरकार कुलूप घालू शकत नाही. गोष्ट षट्कर्णी झाली की संपली. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांमध्ये पत्ता फुटला असेल तर तो बहुतेक वेळा मायेनेच फुटलेला असतो. मावशीने लग्नात कुणाला तरी कौतुकाने सांगितलं, भावाने ग्रुपवर फोटो टाकला.

म्हणून आधी तुमचा स्वतःचा फोन बघा. तो कुणी घेऊन दिला, ईमेल कुणी उघडून दिली, पासवर्ड कुणी ठरवला? जावयाने भारतात आल्यावर हौसेने सगळं लावून दिलं असेल तर तो पासवर्ड आजही त्याला ठाऊक असेल. भरवशाच्या माणसाला शेजारी बसवून पासवर्ड बदला आणि ईमेल परत मिळवण्यासाठी कुणाचा नंबर दिलाय तो तपासा. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडून ओळखीचं नसलेलं यंत्र दिसलं तर काढून टाका. हे होईपर्यंत मुलीशी महत्त्वाचं काही त्या फोनवरून बोलू नका.

मग कुटुंबाचा ग्रुप. नातीचा फोटो पाहायचा मोह मी समजू शकते, पण तो तुमच्या फोनमध्येच राहू द्या. गणवेशावरचं शाळेचं नाव, मागच्या दुकानाची पाटी, बागेतला फलक, खिडकीतून दिसणारा रस्ता, एवढ्यावरून ठिकाण शोधणारी माणसं असतात. व्हिडिओ कॉल चालू असताना खोलीत कोण कोण आहे ते मुलीला आधी सांगा. मंडळाच्या गणपतीत ती दिसली का, अशी चौकशी तिकडच्या ओळखीच्यांकडे करू नका. तिकडचं मराठी वर्तुळ लहान असतं आणि त्यात जावयाचेही मित्र असणारच.

इथली तिची खाती विसरू नका. जावयाबरोबर तिचं संयुक्त बँक खातं असेल तर त्यात नवा पत्ता कधीही टाकला जाऊ नये, दोघांनाही तो दिसतो. बँकेतून केवायसीसाठी तुम्हाला फोन आला तर तिच्या वतीने काहीही सांगू नका. विमा, म्युच्युअल फंड, सगळ्याला हेच लागू. पासपोर्टचं नूतनीकरण आलं की दूतावासाला कुठला पत्ता द्यायचा हे तिने आपल्या समुपदेशकाला आणि वकिलाला विचारूनच ठरवावं.

फराळाचं मला फार वाईट वाटलं. डबा परत घेऊन घरी येताना तुम्हाला काय वाटलं असेल! पण कुरिअरवाला खरं बोलला. खासगी कुरिअर पोस्ट बॉक्सवर सामान देत नाहीत आणि ही योजना मुख्यतः पत्रं पुढे पाठवते, खाऊचे डबे नाही. पत्र मात्र जातं. भारतीय टपालाने, तिच्या नावाने, तिने सांगितलेला पत्ता आणि क्रमांक जसाच्या तसा लिहून पत्र पाठवा. दोन मुक्काम करून जाणार म्हणून उशीर लागेल. नातीसाठी तुमच्या हस्ताक्षरात गोष्ट लिहा, चकलीची कृती लिहून पाठवा, तिथं लेक करेल. डबाच पाठवायचा असेल तर तो कुणाच्या पत्त्यावर पाठवायचा हे मुलीलाच ठरवू द्या. एखाद्या विश्वासू सहकाऱ्याचं ऑफिस असेल किंवा तिला मदत करणारी संस्था. मात्र त्या पार्सलची पावती फ्रिजवर लावून ठेवू नका आणि ट्रॅकिंगचा नंबर कुणाला पाठवू नका. कुठल्या गावात डबा पोहोचला ते त्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं.

तुमची खरी धास्ती मला वेगळीच वाटते. उद्या तिला काही झालं तर मला कळणार कसं? हा प्रश्न रास्त आहे आणि तो तिला जरूर विचारा. पत्त्याऐवजी एक माणूस मागा. तिथली एक मैत्रीण किंवा समुपदेशक, जिला तिचा पत्ता माहीत आहे आणि जिचा नंबर फक्त तुमच्याकडे असेल. किती दिवस मुलीचा फोन आला नाही तर त्या व्यक्तीला फोन करायचा, हेही ठरवून घ्या. फोनवर कुणी शेजारी उभं असेल आणि तिला मोकळं बोलता येत नसेल तर वापरायचा एखादा साधा शब्द ठरवा. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास ती असेल तर 'मैत्री' आणि 'नारिका' या दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी नव्वदीच्या सुरुवातीपासून काम करणाऱ्या संस्था तिथं आहेत, हे तिला सांगून ठेवा. कुठे राहतेस ते न विचारता सांगा.

नातेवाइकांना एवढंच सांगा की कोर्टाचं प्रकरण आहे आणि वकिलाने बोलायला मनाई केली आहे. 'आईपासून लपवते' म्हणणाऱ्यांना मारहाणीचे तपशील देऊन पटवत बसू नका. पटायचं त्यांना तुम्ही न सांगताही पटलेलं असतं. आणि तुम्हाला स्वतःला रात्री झोप लागत नसेल तर १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर बोला. तो सरकारी आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

तुमच्यासारखी दुसरी कुणी आई हे वाचत असेल आणि तिची मुलगी पुण्यात किंवा नांदेडमध्ये असेल, तर तिच्यासाठी दोन ओळी. आपल्याकडे सरकारने पर्यायी पत्ता द्यावा अशी योजना नाही. ती असायला हवी, असं मला कळकळीने वाटतं. साक्षीदारांच्या संरक्षणासाठी २०१८ची योजना आहे. सर्वोच्च न्यायालयाने तिला कायद्याचं बळ दिलं आणि तिच्यात ओळख लपवण्याची, दुसरीकडे हलवण्याची तरतूद आहे, पण ती खटल्यातल्या साक्षीदारांपुरती. घरगुती हिंसा कायद्याच्या नियमांत मात्र एक चांगली गोष्ट आहे. स्त्रीने तशी विनंती केली तर निवारागृहाने ती तिथं आहे हे उघड करायचं नाही आणि जिच्याविरुद्ध किंवा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला कळवायचं नाही. निवारागृहात जाताना ही विनंती लेखी द्यावी. १८१ या महिला हेल्पलाइनवर विचारता येईल.

शेवटची गोष्ट तुम्ही पत्राच्या कोपऱ्यात लिहिली आहे, की उन्हाळ्यात व्हिसा काढून तिच्याकडे जायचा विचार आहे. जरूर जा. पण व्हिसाच्या अर्जात तिथं कुठे राहणार, कुणाला ओळखता, हे पत्त्यासकट विचारतात. तो अर्ज तुमच्याकडे नेहमीप्रमाणे गल्लीतल्या एजंटाच्या संगणकावर भरला जाईल आणि तिथंच पडून राहील. म्हणून अर्ज भरायला जाण्याआधी मुलीला सांगा, तिला तिच्या समुपदेशकाशी आणि वकिलाशी बोलू द्या, आणि त्या रकान्यांत काय लिहायचं ते ठरलं की अर्ज एजंटाकडे न देता घरच्या एखाद्या भरवशाच्या माणसाला शेजारी बसवून भरा.